कुसाका बाईंचा उलटा हात

कुसाका बाई हवेत उलटं लिहायच्या. आमच्या गावात आज पन्नाशीला आलेल्या कुणालाही एवढं एकच वाक्य ऐकवा. तो हसतो आणि त्याचं उजवं बोट आपोआप वर जातं. मी सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गावर होतो. पहिली 'अ' त्यांची, पहिली 'ब' माझी. मधे लाकडी भिंत आणि त्या भिंतीला एक उभी फट. त्या फटीतून मी जेवढं शिकलो, तेवढं शिक्षकांच्या कॉलेजात चार वर्षं बाकं झिजवूनही शिकलो नव्हतो. हे आज म्हणतो. तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर मी नाक मुरडलं असतं, कारण तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळंच येत होतं.

उलटं लिहायचं म्हणजे काय ते सांगतो. सहा वर्षांच्या पोरांच्या हातात आम्ही लगेच पेन्सिल देत नाही. आधी अक्षर हवेत काढायचं, खांद्यापासून, अख्ख्या हाताने, "एक, दोन, तीन" असं रेघा मोजत. गुरुजी पुढे उभे राहून काढतात, पोरं मागून काढतात. आता गुरुजी पोरांकडे तोंड करून लिहायला लागले, तर त्यांचं अक्षर पोरांना उलटं दिसणार. म्हणून आम्ही सगळे पाठ करून उभे राहायचो. आणि पहिलीच्या वर्गाकडे पाठ केली की झालंच, मोकळं रान.

बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी त्यांनी अशीच पाठ केली, आणि 'ने' हे अक्षर काढून होईपर्यंत एका पोराने खोडरबराचा तुकडा नाकात घातला. डॉक्टरने चिमट्याने काढला. तेव्हाचे हेडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमच्या पाठीला डोळे नाहीत."

"नाहीत," बाई म्हणाल्या. "म्हणून उद्यापासून पाठच नाही करणार."

त्यांच्या नवऱ्याचं केशकर्तनालय होतं, स्टेशनसमोर. गिऱ्हाइकं गेली की बाई आतून दुकानाच्या काचेवर ओल्या बोटाने लिहायच्या आणि कुसाका न्हावी बाहेर रस्त्यावर उभा राहून वाचायचा. बाहेरून सरळ दिसलं पाहिजे, हा नियम. तो काचेवर टकटक करून ओरडायचा, "चुकलं! हा 'नु' आहे की मेलेलं गांडूळ?" येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, बायकोने नवऱ्याला घराबाहेर काढलंय. वर्षभरात आमच्या लिपीतली सगळी शेहेचाळीस अक्षरं बाईंच्या हातात उलटी बसली. तीही डाव्या हाताने, म्हणजे पोरांच्या उजव्या हातासमोर बाईंचा हात यावा.

मी पहिल्यांदा फटीतून बघितलं तेव्हा माझ्या हातातला खडू तसाच राहिला. एक्केचाळीस पोरं, एक्केचाळीस हात वर, आणि पुढे एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई डाव्या हाताने हवेत अक्षर काढतेय. तिचं त्या हाताकडे लक्षच नाही. हात आपलं काम करतोय, आणि डोळे ओळीओळीतून फिरताहेत. "शोजी, कोपर झोपलं तुझं. उठव." "मासाए, रेघ संपली तिथे थांब, पुढे समुद्र आहे." अक्षर एकदाही डगमगलं नाही. मी खूप काही बघितलंय पुढे आयुष्यात, पण अशी हुकमत पुन्हा बघितली नाही.

बाकी बाबतीत मात्र त्या गोगलगाय होत्या. माझ्या वर्गाची शेहेचाळीस अक्षरं पावसाळ्याच्या आत संपली. बाईंची तेव्हा कुठे एकोणीस झाली होती. त्यांच्या वर्गात काय चालायचं, तर बोटांत जोर यावा म्हणून पोरं फरशी पुसायची फडकी पिळताहेत, वाल सोलताहेत, संत्र्याची साल न तोडता एका लांब पट्टीत काढताहेत. आयांनी तक्रारी केल्या. मीही एकदा शिक्षकांच्या खोलीत टोमणा मारला, "बाई, तुमचा वर्ग लिहायला शिकतोय की स्वयंपाकाला?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. "तुमच्या वर्गाच्या वह्या बघितल्या मी, गुरुजी. अक्षरं सगळी हजर आहेत हो. पण धड बसलेलं एकही नाही."

सगळे हसले. मी पण हसलो, दात दाखवण्यापुरता.

त्या वर्षी बाईंच्या वर्गात मानाबे चिसा होती. ही सगळी गोष्ट तिचीच.

आमचं गाव हातमोज्यांचं. घरोघरी शिलाई मशिनं. चिसाची आई इत्सुको घरीच हातमोजे शिवायची. ती जन्मापासून बहिरी, त्यामुळे मुकी. बाप दगड वाहणाऱ्या बोटीवर, महिन्यातून दोन दिवस घरी. घर चालवायची बापाची आई, शिगे आजी. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण सुनेच्या हातवाऱ्यांची तिला भारी लाज वाटायची. "चारचौघांत माकडासारखे हात नाचवायचे नाहीत," असा तिचा कायदा. म्हणून मायलेकी बाहेर पडल्या की हात खिशात घालून चालायच्या. गावाला वाटायचं, या दोघी एकमेकींशी बोलतच नाहीत.

शाळेतही चिसा गप्प. आणि तिची अक्षरं उलटी. पहिलीत अक्षरं उलटी पडतातच. त्यात आमच्या लिपीत 'सा' आणि 'ची' म्हणजे दोन सख्ख्या जावा. 'सा'चं पोट डावीकडे सुटलेलं, 'ची'चं उजवीकडे, बाकी सगळं तेच. एक उलटं काढलं की दुसरं होतं. आता पोरीचं नाव 'चिसा'. तिने दोन्ही अक्षरं उलटी काढली की वहीवर नाव व्हायचं 'साची'. आणि साची नावाची मुलगी त्याच वर्गात, तिच्याच मागच्या बाकावर, चांगली खमकी.

"बाई! हिने परत माझं नाव चोरलं!" रोज तक्रार. वह्यांची अदलाबदल व्हायची. एकदा साचीच्या घरी चिसाची वही गेली आणि तिच्या आईने पोरीला दोन धपाटे घातले, "हे काय अक्षर?" म्हणून. दुसऱ्या दिवशी साचीने चिसाचं खोडरबर खिडकीतून फेकलं. चिसाने खाली जाऊन शोधून आणलं.

इतर पोरांची उलटी अक्षरं सप्टेंबरपर्यंत हळूहळू सुलटी झाली. चिसाची झाली नाहीत. आणि गंमत अशी की फळ्यावर बघून लिही म्हटलं की ती सुतासारखं सरळ लिहायची. पाठीवर बोटाने अक्षर काढून "आता हे लिही" म्हटलं तरी सरळ. पण बाईंनी तोंडाने अक्षर सांगितलं, सोबत हवेत हात फिरवला, की वहीत उलटं. एक नाही, दोन नाही, सगळी.

बाईंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. वाळूत लिहून घेतलं, दोरीची अक्षरं करून त्यावर अनवाणी चालवलं. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास. मी एकदा म्हटलं, "सोडा बाई, काही डोकी असतात तशी."

"तशी म्हणजे कशी?" त्यांनी वही माझ्यापुढे टाकली. "बघा नीट. चुकणाऱ्या पोराची वही बघितलीय ना तुम्ही? आज एक चूक, उद्या दुसरी. चूक म्हणजे चुरगळलेलं फडकं. आणि हिची चूक बघा. इस्त्री केल्यासारखी! ही पोरगी चुकत नाहीये, गुरुजी. ती काहीतरी बरोबर करतेय. काय ते मला कळत नाहीये."

मी मनात म्हटलं, बाई थकल्या आता. आणि त्याच आठवड्यात मी एक काम केलं. ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. हेडमास्तरांनी विचारलं, "पहिलीत कुणी फार मागे आहे का?" शिक्षण कचेरीला नावं कळवायची होती. मी म्हटलं, "'अ' वर्गातली मानाबे. आई बहिरी आहे, घरी बोलणार कोण? भाषाच नाही पोरीला." बाई तेव्हा खोलीत नव्हत्या. हेडमास्तरांनी नाव लिहून घेतलं.

नोव्हेंबरात कचेरीचं पत्र आलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सेगावा नावाचे साहेब येऊन मुलीची परीक्षा घेणार. त्यांना पटलं तर एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की चिसा मोठ्या शहरातल्या, मागे पडलेल्या मुलांच्या खास शाळेत जाणार, गाडीने अडीच तास, तिथल्याच वसतिगृहात राहणार, महिन्यातून एकदा घरी. सहा वर्षांची पोर आणि जिच्याशी जगात तिच्याखेरीज कुणी बोलत नाही अशी तिची आई. बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"नाव तुम्ही सांगितलंत."

"बाई, मी तिच्या भल्यासाठी..."

"मंगळवारी मी तिच्या घरी जातेय. तुम्ही यायचंय बरोबर. ज्याने नाव घातलं त्याने घर तरी बघावं."

मे महिन्यात रिवाजाप्रमाणे बाई सगळ्या मुलांच्या घरी जाऊन आल्या होत्या. चिसाच्या घरी तेव्हा शिगे आजीनेच तोंड चालवलं होतं आणि सुनेला स्वयंपाकघरात बसवलं होतं. या वेळी आजी संत्र्यांच्या तोडणीला डोंगरावर गेली होती. आम्ही दारातून हाक मारली. चिसा आली, आम्हाला बघून गोरीमोरी झाली, आणि मागे वळून तिने पायाने जमिनीवर दोनदा धपधप केलं. आतली मशीन थांबली. इत्सुको बाहेर आली आणि वाकली, ती वाकलेलीच राहिली.

आम्ही बसलो. चहा आला. आणि मग मायलेकींचे हात सुटले. मी शपथेवर सांगतो, मी तोवर त्या पोरीला मुकीच समजत होतो. काय बोलत होती ती! बोटं, भुवया, गाल, सगळं बोलत होतं. मधेच आईला हसवलं, मधेच भांडली. आईने आमच्याकडे बघून काहीतरी विचारलं आणि शेवटी हवेत बोट फिरवलं, तीनदा, झरझर. मला तो हातवाराच वाटला. चिसाने मान हलवली आणि बाईंकडे बोट दाखवलं.

बाईंचा चहाचा पेला ओठांशी पोचलाच नाही.

"चिसा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आईने आत्ता काय विचारलं?"

"कुसाका बाई कोणत्या, असं."

"बोटाने काय केलं तिने?"

"लिहिलं. 'कुसाका'. नावाला खूण नाही ना आमच्याकडे. नवीन नाव असलं की लिहितो आम्ही."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मला आजही तसाच दिसतो. "तुम्ही वाचलंत, गुरुजी?"

मी कसलं वाचतोय? इत्सुको आमच्यासमोर बसली होती, तिच्या बाजूने सरळ लिहीत होती, म्हणजे आम्हाला ते उलटं. उलटं अक्षर वाचता येणारं माणूस त्या खोलीत एकच, बावीस वर्षं उलटं लिहिणाऱ्या कुसाका बाई. असं मला वाटलं. पण त्या खोलीत दुसरंही एक होतं, आणि ते सहा वर्षांचं होतं.

"तुला केव्हापासून येतं हे वाचता?"

चिसाने खांदे उडवले. "येतंच होतं."

"मग बाळ, शाळेत 'सा' उलटा का काढतेस?"

चिसा गोंधळली. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्या माणसाला समजावून सांगावं तशी म्हणाली, "शाळेत तसाच असतो ना 'सा'? घरचा वेगळा आणि शाळेचा वेगळा. फळ्यावरचं नुसतं बघून काढायचं असतं. पण हाताने सांगितलं की तुमच्यासारखं काढायचं. तुम्ही असा काढता." तिने डावं बोट वर केलं आणि हवेत अक्षर काढलं. बाईंचंच अक्षर, बाईंच्याच हाताने, बाईंच्याच बाजूने.

मला समजायला वेळ लागला. बाईंना लागला नाही. त्या गुडघ्यांवरच वळून चिसाकडे पाठ करून बसल्या, उजवा हात वर केला आणि हवेत सरळ 'सा' काढला.

"हा कुठला?"

"हा घरचा," चिसा म्हणाली.

पुन्हा तोंड तिच्याकडे, डावा हात, तो गावभर गाजलेला उलटा 'सा'. "आणि हा?"

"हा शाळेचा. पण तो 'ची'सारखा दिसतो, म्हणून मला आधी आधी जड गेलं. मग शिकले मी."

शिकले मी! चाळीस पोरं आपापल्या बाकावरून अक्षर बघत होती. हिला तसं बघताच येत नव्हतं. बहिऱ्या आईच्या मांडीवर वाढलेलं मूल, हात बोलायला लागला की ते हातवाल्याच्या बाजूला जाऊनच बघतं. त्याला ते कुणी शिकवत नाही, ते दुधातून येतं. बाई पोरांसाठी अक्षर उलटं करत होत्या आणि ही मुलगी ते मनातल्या मनात परत बाईंच्या बाजूने बघत होती. वर सहा वर्षांच्या शहाणपणाने तिने ठरवून टाकलं होतं की शाळेची लिपी वेगळी असते. आणि सात महिने मुकाट्याने ती शिकत होती. एक लिपी घरची, एक शाळेची. मी तिला भाषा नाही म्हणून कळवलं होतं.

 मी त्या पोरीकडे देवळातल्यासारखा बघत राहिलो.

बाईंनी पेला खाली ठेवला. दोन्ही तळवे चटईवर टेकले, आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत त्या वाकल्या, पहिलीतल्या पोरीपुढे. "चिसा, माझं चुकलं. फार चुकलं."

इत्सुको बिचारी घाबरली. तिला वाटलं पोरीला शाळेतून काढलं. ती बाईंपेक्षाही खाली वाकली. आता दोघी वाकलेल्या, कुणी उठेना. चिसाने आईची बाही ओढली आणि हातांनी सगळं सांगितलं. इत्सुकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही.

परत येताना बाई उडोनच्या, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांच्या, टपरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "बावीस वर्षं मिरवतेय मी, की मी पोरांच्या बाजूने लिहिते. एक पोर उठून माझ्या बाजूला येऊन उभं राहिलं, गुरुजी. आणि मी तिला लाल शाईने चूक देत बसले." मग त्यांनी दोन वाट्या उडोन मागवले, आणि दोन्ही मलाच खाव्या लागल्या.

परीक्षेला चार दिवस होते. बुधवारी सकाळी मी फटीला डोळा लावला. कुसाका बाई वर्गाकडे पाठ करून उभ्या होत्या.

 मग शोजीचा आवाज आला, रडवेला. "बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात?"

"नाही रे. आजपासून मी अशीच लिहिणार. इतके दिवस एका मुलीला मी चुकीच्या बाजूने शिकवत होते. ती बरोबर होती, मी चूक होते." आणि त्यांनी सगळं सांगितलं, घरची लिपी, शाळेची लिपी, सगळं. पोरांना किती समजलं कोण जाणे. साचीला मात्र कामापुरतं समजलं.

"म्हणजे माझं नाव मला परत?"

"घे," चिसा म्हणाली. तिचा आवाज मी वर्गात पहिल्यांदा ऐकला. "मला तसंही आवडत नव्हतं."

चार दिवस बाई पाठमोऱ्या शिकवत राहिल्या. दर दोन मिनिटांनी त्यांची मान वळायला जायची आणि त्या ती आवरायच्या. बावीस वर्षांची सवय ती. शुक्रवारपर्यंत चिसाच्या वहीत एकही अक्षर उलटं राहिलं नाही. राहणार कसं? तिला सगळी येतच होती. तिला कुणीतरी फक्त एवढंच सांगायला हवं होतं की घरची लिपी शाळेतही चालते.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या खोलीत सेगावा साहेब बसले. उंच, नेटका माणूस, वाईट अजिबात नव्हता. हेडमास्तर, बाई, मी शेगडीपाशी. समोर चिसा आणि इत्सुको. शिगे आजी सणाचा किमोनो नेसून आली होती आणि सुनेच्या कानात नव्हे, तर हातांवर चापटी मारून बजावत होती की हे मांडीवरच ठेवायचे.

साहेबांनी नाव लिहायला सांगितलं. चिसाने 'चिसा' लिहिलं. त्यांनी सहा शब्द सांगितले. सहाही बरोबर. हेडमास्तरांनी सुस्कारा सोडला. मला वाटलं, सुटलो.

पण साहेबांनी पेन खाली ठेवलं नाही. "चार दिवसांत घोकून घेतलेलं दिसतंय," ते शांतपणे म्हणाले. "शब्द पाठ होतात हो. मला काळजी पुढची आहे. घरी या मुलीशी बोलणारं कोण? आईशी बोलता येत नाही, वडील बोटीवर. अशा घरात मुलाची भाषा वाढत नाही. शहरात हिचं भलं होईल." त्यांनी कागद पुढे ओढला. ते माझंच वाक्य होतं, जरा चांगल्या कपड्यांतलं. "आईचं काही म्हणणं?"

"तिला काय कळतंय," आजी म्हणाली. "मी सांगते ना."

इत्सुकोला ऐकू येत नव्हतं. पण कागद पुढे ओढलेला दिसत होता, पेन दिसत होतं. तिचे हात मांडीवरून उठले. आजीने बाही धरली. तिने ती सोडवली. आणि साहेबांकडे तोंड करून, खुणा न करता, एका बोटाने ती हवेत लिहू लागली. सावकाश, अक्षर अक्षर सुटं.

साहेब बघत राहिले. हेडमास्तर बघत राहिले. मी जीव तोडून बघत होतो, मला फक्त एक बोट दिसत होतं. बाईंनी तोंड उघडलं. त्यांना सगळं वाचता येत होतं. त्यांनी ते पुन्हा मिटलं.

वाचलं चिसाने. वर्गात वाचतात तसं, मोठ्याने, तुटक.

"हिला... नेऊ... नका. मी... हिच्याशी... रोज... बोलते. ही... झोपेत... सुद्धा... माझ्याशी... बोलते. हात... हलतात."

 शिगे आजीने खाली मान घातली.

"हे तू वाचलंस?" साहेबांनी विचारलं.

"हो. तुम्हाला नाही आलं?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच नवल वाटलं होतं. आम्ही चौघं शिकलेली माणसं, त्यातल्या तिघांना वाचता आलं नव्हतं, आणि पोरगी आमच्याकडे कणव आल्यासारखी बघत होती.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आईला सांग..."

"तुम्हीच सांगा की. लिहून दाखवलं की कळतं तिला. सरळच लिहा, तुमच्या बाजूने."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. कान लाल झाले त्यांचे. मग त्यांनी उजवं बोट वर केलं आणि कचेरीतला तो उंच माणूस हवेत लिहायला लागला, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोरासारखा, जीभ दातांत धरून. 'इथे राहिली तरी चालेल.' आमच्या भाषेत त्या वाक्यात एक 'मो' येतो. इत्सुकोने शेवटपर्यंत वाचलं, आणि मग तिने पोरीला इतकं घट्ट धरलं की पोरगी दिसेनाशी झाली.

आईच्या कुशीतून आवाज आला, "'मो' चुकला."

"काय?"

चिसाने डोकं बाहेर काढलं. "'मो'ला उभी रेघ आधी असते. मग दोन आडव्या. तुम्ही आडव्या आधी काढल्यात. परत काढा."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "परत काढा म्हणतेय ती," त्या म्हणाल्या.

साहेबांनी परत काढला. उभी आधी. हेडमास्तरांचं बोट टेबलावर हळूच फिरताना मला दिसलं. मीही हात पाठीमागे नेऊन बोटाने एक 'मो' काढून बघितला. माझाही चुकला. आणि तो मी पावसाळ्याच्या आत एकोणचाळीस मुलांना शिकवून बसलो होतो.